पाचव्या तारेवरची फुली

कूलर बंद केल्यावर खोलीत जी शांतता पडते, ती नागपूरबाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. मार्चअखेर तो एकदा घरघरायला लागला की जूनपर्यंत आपण त्याच्या आवाजातच जेवतो, बोलतो, झोपतो, आणि हळूहळू तो आपल्याला ऐकूच येईनासा होतो. मग एखाद्या दुपारी वीज जाते. पंखा दोन-चार चकरा उगाच जास्त मारून थांबतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत राहतं. आणि इतके दिवस त्या आवाजाखाली दबलेल्या गोष्टी एकेक करून वर येतात. भिंतीवरचं घड्याळ. गच्चीत वाळत घातलेल्या कुरड्यांवरून कावळे हाकणाऱ्या शेजारच्या बाई. आपला स्वतःचा श्वास.

काल नवतपा लागला. मेच्या शेवटाला येणारे हे नऊ दिवस सगळ्यात जास्त तापतात. आम्ही नागपूरकर त्यांना भितोही आणि त्यांच्याबद्दल थोडे मिरवतोही. दुपारी बाराच्या आत रस्ते ओस पडतात, जो दिसतो तो तोंडाला दुपट्टा बांधून दरोडेखोरासारखा चाललेला असतो. माझं वय आता शहात्तर. अकरानंतर दाराबाहेर पाऊल टाकायची मला घरातून परवानगी नाही. बायकोने पन्ह्याचा पेला आणून ठेवला होता, मांडीवर छापखान्यातून आलेले कच्चे कागद होते, आणि तेवढ्यात वीज गेली.

ते कागद माझ्याच वहीचे होते. या वहीबद्दल सांगायला हवं. पियानोवर वाजणारे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवायचे तीन-चार-पाच सूर, गिटारवर कसे आणायचे, याच्या आकृत्या मी तरुणपणी एका वहीत काढल्या होत्या. सहा उभ्या रेघा म्हणजे सहा तारा, आडव्या रेघा म्हणजे पडदे, बोट ठेवायचं तिथे ठिपका. ती वही मी शिकवलेल्या मुलांनी उतरवून घेतली, त्यांच्या मुलांनी झेरॉक्स केली, आणि आता या शहरात गिटार शिकणाऱ्या निम्म्या लोकांकडे तरी तिची एखादी काळवंडलेली प्रत असते. माझा विद्यार्थी प्रणय, ज्याच्या दाढीत आता पांढरे केस आले आहेत आणि जो स्वतः क्लास चालवतो, ती पुस्तकरूपाने छापतो आहे. प्रस्तावना त्यानेच लिहिली आहे. शांत झालेल्या खोलीत मी ती वाचली. तिच्यात अशी तीन वाक्यं होती:

‘सरांना या कॉर्डची पहिली कल्पना एका सुताराकडून मिळाली. त्याची दोन बोटं आरा मशीनमध्ये गेली होती, त्यामुळे त्याचे कॉर्ड अपुरे राहत. सरांनी ते पूर्ण केले.’

प्रणयने यातलं काही मनाचं लिहिलेलं नाही. मीच त्याला हे सांगितलं होतं, वीसेक वर्षांपूर्वी. आणि ते खोटं आहे.

त्या सुताराचं नाव शालिक मेश्राम.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. लग्नं, गणपती, कॉलेजची संमेलनं. लोकांना रेडिओवरची गाणी हुबेहूब हवी असत, आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांत पियानो असे. आमच्याकडे पियानो कुठला असणार? एक अकॉर्डियन होतं, त्याच्या दोन पट्ट्या अडकत. पियानोचा तो भरलेला, गोल आवाज गिटारमधून काढायचा मी ध्यास घेतला होता. सापडतील तेवढे सूर एका दमात दाबायचो, सहाही तारा छेडायचो, आणि बादलीत भांडी ओतल्यासारखा आवाज व्हायचा.

त्या वर्षीच्या नवतप्यात माझी गिटार मोडली. पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. तारा ज्या पट्टीला बांधतात तो ब्रिज उन्हाने डिंक सुटून पार उपटला गेला. गिटार दुरुस्त करणारं मला कोणी माहीत नव्हतं. कोणीतरी सांगितलं, लकडगंजात एका फर्निचरच्या कारखान्यात एक मिस्त्री आहे, तो बंगल्यांमधले जुने पियानो सुद्धा दुरुस्त करतो. मी सायकलच्या कॅरियरला गिटार बांधून गेलो. लकडगंजात तेव्हा गल्लीगल्लीत लाकूड चिरणाऱ्या आरा मशीन चालायच्या. सागाचा तो गोडसर, किंचित तिखट वास उन्हात आणखी दाट व्हायचा. नाकात भुसा, पापण्यांवर भुसा.

शालिक बाहेर सावलीत बसून जेवत होते. भाकर, कांदा, हिरवी मिरची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, काटक, खाकी हाफपँट, उघड्या अंगावर भुशाची पावडर. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मुळापासून नव्हती. त्यांनी हात धुतले, गिटार घेतली, सुटलेला ब्रिज नखाने टोकरला.

“कोणता डिंक लावला होता गा हिले? पोस्टाच्या पाकिटाचा?”

मी म्हणालो, कंपनीनेच लावला असेल.

“कंपनीले सांग, नागपूर पाहून घे म्हणा एक डाव.”

सरेस, म्हणजे सुताराचा डिंक, वितळवून त्यांनी ब्रिज बसवला, वर दोन शिकंजे कसले आणि दोन दिवसांनी ये म्हणाले. दोन दिवसांनी गेलो तेव्हा तारा चढवून त्यांनी एकेक तार वाजवून पाहिली, भुवई आकसली, आणि मला म्हणाले, “ये मंधात.”

आत शेठचं ऑफिस होतं. तिथे ताडपत्रीखाली एक पियानो उभा होता. सिव्हिल लाइन्सच्या कुठल्याशा बंगल्यातून दुरुस्तीला आलेला, आणि मालक बदली होऊन गेल्यामुळे तिथेच राहिलेला. शालिक ताडपत्री वर करून उभ्याउभ्याच सूर लावू लागले. मग बसले आणि वाजवायला लागले.

त्यांचे वडील एका मिशन शाळेत चौकीदार होते. तिथल्या संगीताच्या बाईंनी या मुलाला सुट्टीत पियानोला हात लावू दिला होता, एवढीच त्यांची शिकवणी. पुढे बोटं गेली. तीन बोटांचा डावा हात आणि पाच बोटांचा उजवा, एवढ्यावर ते वाजवत. मी काय ऐकलं ते आज शब्दांत सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की मी मनात सूर मोजायला लागलो आणि ते माझ्या अंदाजापेक्षा फार कमी भरले. ज्या आवाजासाठी मी सहा तारांवर झटत होतो, तो ते तीन-चार सुरांत उभा करत होते.

“हे मले गिटारवर पाहिजे,” मी म्हणालो.

“मंग ये. शेठ पचमढीले गेला. बारा ते चार कारखाना बंद असते. झोपून तरी काय करतो मी?”

त्या नवतप्यातल्या दुपारी म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता असं म्हटलं तर बायको रागावेल, पण तिलाही ते माहीत आहे.

पियानोमुळे शेठच्या ऑफिसात कूलर चालू ठेवावा लागे. शालिकांची त्यावर कायमची कुरकुर असे. कूलर लावला तर ओलीने पट्ट्या फुगतात आणि नाही लावला तर उन्हाने फळी तडकते, “म्हणजे हा बाजा अन् माही बायको, दोघायचं सारखंच.” पण कॉर्ड ऐकायचा झाला की ते मला सांगत, “कूलर बंद कर.” मी उठून बटण खाली करायचो. पाती थांबायची, ती शांतता यायची, आणि मग ते पट्ट्या दाबायचे. उकाडा सोसवेनासा झाला की पुन्हा कूलर चालू. आमचा धडा असा घामाने मोजला जायचा. एका श्वासात एक कॉर्ड, फार तर दोन.

पहिल्याच दिवशी मी माझी अडचण सांगितली. पियानोला दहा बोटं, ती कुठेही पसरता येतात. गिटारला दाबायला चारच बोटं, आणि एका तारेवर एका वेळी एकच सूर. पियानोवर शेजारी-शेजारी बसलेले दोन सूर गिटारवर एकाच तारेत सापडले की संपलं.

ते हसले. “सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातलं सामान तुले इमामवाड्याच्या दोन खोल्यायत न्यायचं आहे. मी हे काम रोज करतो. लोकं काय करते? सगळंच कोंबते. मंग चालाले जागा नाही. तू पलंग ने, कपाट ने. झुंबर काहून नेऊन राहिला?”

मग त्यांनी पियानोवर चार सूर एकाला एक खेटून वाजवले. वरून दुसरा सूर उचलला आणि तोच खाली, एक सप्तक उतरून ठेवला. तेच चार सूर, पण आता मध्ये हवा होती. “आता पाहा तुह्या तारायवर बसते काय.” बसला. चार तारांवर चार बोटं, जणू जागा आधीच मोजून ठेवली होती. मी वेड्यासारखा हसलो. ते फळकुटावर पेन्सिलने आकृती काढू लागले. सुताराची ती चपटी लाल पेन्सिल, कानावरून काढून पुन्हा कानावर जायची. सहा रेघा, ठिपके. आणि जी तार वाजवायची नाही तिच्यावर फुली.

फुल्यांवरून आमचं भांडण झालं. एका नेहमीच्या कॉर्डमध्ये जाड सहाव्या तारेवर सा, चौथ्या तारेवर कोमल नी, तिसरीवर गंधार, आणि मधल्या पाचव्या तारेवर त्यांनी फुली मारली. सहावी तार दाबणाऱ्या बोटाचं टोक किंचित कलतं करून पाचवीला टेकवायचं, म्हणजे ती मुकी होते. मी म्हणालो, तिथे पंचम येतो, माझं बोट तिथपर्यंत पोचतं, मग सोडायचा कशाला? मनात आणखीही एक गोष्ट आली होती, ती मी बोललो नाही. शालिकांच्या ते लक्षात आलं असावं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी उजवा हात वर केला. पाची बोटं हलवून दाखवली.

“हा हात आहे ना पूर्ण? आता पाहा.”

आणि उजव्या हाताने, पाचही बोटं मोकळी असताना, त्यांनी तोच कॉर्ड वाजवला. पंचम सोडून.

“कूलर बंद कर,” ते म्हणाले.

मी बंद केला. त्यांनी उजव्या हाताने वरच्या पंचमाची पट्टी इतकी सावकाश दाबली की आवाजच झाला नाही, नुसती आत कुठेतरी त्या सुराची तार दाबून ठेवणारी कापडी गादी उचलली गेली. ती पट्टी तशीच धरून डाव्या हाताने त्यांनी खालच्या सा वर एक ठोका मारला आणि लगेच बोट काढलं. सा बंद झाला. आणि त्या खोलीत पंचम वाजत होता. कोणीही न वाजवलेला, बारीक, स्वच्छ, दुसऱ्या खोलीतून कोणी गुणगुणावं तसा.

“सा वाजला की तो त्याच्या मंधात येतेच,” शालिक म्हणाले. “न बोलावता येते त्याले अजून काहून बोलावतो? गर्दी होते फक्त.”

हे मी पाहिलं. हे मी ऐकलं. माझ्या कबुलीत यापेक्षा महत्त्वाचं वाक्य नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: त्यांनी सोडलेले सूर बोटं नसल्यामुळे सोडलेले नव्हते, हे मला त्या दुपारपासून माहीत होतं.

नऊ दिवस संपले, शेठ परतला, आणि मला खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीचं पत्र आलं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा शालिकांनी फळकुटं पोत्यात भरून दिली. “घेऊन जा, नाही तर बंबात जाईन.” सायकलवर ते पोतं कॅरियरला बांधून मी घरी आलो. पुढे पहिल्याच उन्हाळ्यात, क्वार्टरमध्ये बसून, मी त्यांची वही केली.

सुरुवातीला जशीच्या तशी उतरवली. फुल्यांसह. शेवटचं पान झालं तेव्हा पहिल्या पानावर नाव लिहायला घेतलं. माझं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. त्याखाली आणखी एक नाव लिहायला हवं होतं. तेव्हा मनात जे आलं त्याला मी पुढे वर्षानुवर्षं वेगवेगळी नावं दिली: आळस, विसर, राहून गेलं. खरं असं आहे, की ऑर्केस्ट्रातल्या मित्रांसमोर, कॉलनीतल्या साहेबांसमोर, ‘हे मला मेश्राम नावाच्या लाकडाच्या मिस्त्रीने शिकवलं’ हे सांगायची मला लाज वाटली. मिस्त्री या शब्दाची लाज वाटली, आणि आडनावाचीही. घरात कोणी मला असं शिकवलं नव्हतं, असं म्हणून सुटता येत नाही. कोणी न शिकवताच ते माझ्यात होतं.

पण दुसऱ्याचं आहे तसं आपल्या नावावर घालायला माझं मन धजेना. मग मी एक युक्ती केली, आणि तिचंच ओझं सगळ्यात जास्त आहे. जिथे जिथे फुली होती, तिथे तिथे मी काळ्या शाईने ठिपका गिरवला. सोडलेले सूर भरून काढले. सगळे कॉर्ड ‘पूर्ण’ केले. म्हणजे मी त्यात भर घातली. म्हणजे वही माझी.

त्या भरलेल्या आकृत्या वाजवायला अवघड आहेत. पहिलं बोट सहाही तारांवर पट्टीसारखं आडवं दाबावं लागतं, करंगळी ताणावी लागते. मुलं रडकुंडीला येत. मी म्हणायचो, “पूर्ण कॉर्ड हवा तर त्रास सोसावा लागतो.” मला शिस्तीचा मास्तर म्हणून नाव मिळालं. फळकुटं क्वार्टर बदलताना मागच्या पडवीत राहिली. तिथून ती कुठे गेली असतील, ते मला ठाऊक आहे. तिथेही पाणी तापवायला बंबच होता.

पुढे काही वर्षांनी शहरातल्या एका कार्यक्रमात मी वाजवलं. मध्यंतरात स्टेजमागे आम्ही चहा घेत उभे होतो आणि शालिक आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. पोस्टरवर माझं नाव वाचून, तिकीट काढून आले होते. त्यांनी आधी माझ्या पाठीवर थाप मारली, मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, “पाचव्या तारेवर बोट कायले ठेवलं गा?”

आजूबाजूला सगळे बघत होते. मी मोठ्याने म्हणालो, “हे आपले सुतारकाका. गिटार मोडली की हेच जोडून देतात.”

ढोलकीवाल्याला चेव आला. “काय काका, टेबल-खुर्ची घेऊन आले काय?”

“आणली असती बावा,” शालिक म्हणाले, “पण तुमच्या साहेबानं आधीच लय सामान भरून ठेवलं आहे. चालाले जागा नाही.”

सगळे हसले. त्याचा अर्थ फक्त मला कळला. ते उरलेला कार्यक्रम ऐकायला थांबले नाहीत. मी त्यानंतर लकडगंजातून जाणं टाळू लागलो. मग बऱ्याच वर्षांनी एक दिवस प्रणयने, तेव्हा तो कॉलेजात होता, माझी मूळ वही खिडकीशी उजेडात धरली आणि विचारलं, “सर, या ठिपक्यांखाली फुल्या दिसून राहिल्या. आधी काही वेगळं होतं का?” आणि मी ते वाक्य बोललो. बोटांचं. बोललो तेव्हा किती सहज आलं ते तोंडात! जणू कित्येक वर्षं तिथेच ठेवलेलं होतं.

काल वीज आल्यावर कूलर पुन्हा सुरू झाला. मी उठून तो बंद केला आणि प्रणयला फोन लावला.

सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “सर, कागद परवा मशीनवर चढणार आहेत.”

“म्हणून आज फोन केला.”

“पण सर, मग आकृत्या सगळ्या बदलाव्या लागतील. आणि लोक म्हणतील, सरांचं यात...”

“काय म्हणतील? बोल ना.”

“सरांचं यात काय आहे मग?”

“अक्षर,” मी म्हणालो.

तो हसला नाही. पण संध्याकाळी त्यानेच लकडगंजात जाऊन शेठच्या मुलाकडून शालिकांच्या घरचा पत्ता आणला. शालिक जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी सुजाता हुडकेश्वरला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. प्रणय म्हणाला, मी येतो सोबत. मी नको म्हणालो.

आज सकाळी आठच्या आत रिक्षाने निघालो. मांडीवर वही, बाजूला गिटार. हुडकेश्वर मी फार वर्षांनी पाहिलं. जिथे शेतं होती तिथे घरांच्या रांगा, नवी गेटं, गेटांवर बोगनवेल. आठ वाजताच उन्हाला धार होती. सुजाताबाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा, वडिलांसारखीच आकसणारी भुवई. त्यांनी जय भीम म्हटलं, मीही म्हटलं. त्यांनी कूलरसमोरची खुर्ची मला दिली. भिंतीवर शालिकांचा फोटो होता. तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट असावा.

मी पाणीही न पिता सांगायला लागलो. मध्ये थांबलो असतो तर पुढे जमलं नसतं. लकडगंज, फळकुटं, वही, नाव, ठिपके, स्टेजमागचं बोलणं. त्या ऐकत होत्या. बोटांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हात वर करून मला थांबवलं.

“नाव नाही टाकलं, ते समजू शकते मी. आमच्यासाठी ते काही नवीन नाही. पण बोटांवर काहून ढकललं तुम्ही?”

“ते सोपं होतं,” एवढंच म्हणालो.

“सोपं होतं,” त्या म्हणाल्या. “दाराचा खिळा जरी कोणी त्यांच्या हातून घेतला ना, ‘राहू द्या, तुम्हाले जमणार नाही’ म्हणून, तर बाबा त्या घरी परत काम करत नव्हते.”

मी वही पुढे केली. त्यांनी ती खिडकीशी नेऊन, प्रणयने धरली होती तशीच, उजेडात धरली.

“ही पाहिली आहे मी,” त्या म्हणाल्या. “ही नाही, झेरॉक्स. माझ्या भावाच्या मित्राकडे होती. बाबांनी पाहिली.”

मी विचारलं, काय म्हणाले.

“पानं उलटवत गेले शेवटपर्यंत. चिडले नाहीत. म्हणाले, पोट्ट्यायचे बोटं दुखतीन.”

इतक्या वर्षांत मी कितीतरी शिव्यांची तयारी करून ठेवली होती. याची नव्हती. माझ्या खोलीत करंगळी चोळत, डोळ्यांत पाणी आणून बसलेली सगळी मुलं एकदम समोर आली, आणि त्यांना मी दिलेली उत्तरंही.

काही वेळाने मी प्रस्तावनेचा नवा मजकूर त्यांच्यासमोर ठेवला. रात्री नीट झोप नव्हती, पहाटे उठून लिहिला होता. त्यात मी ‘एक थोर कलावंत’ असं काहीबाही लिहिलं होतं. त्यांनी टेबलावरचं लाल पेन घेतलं आणि शिक्षिकेच्या हाताने ते खोडलं.

“मिस्त्री लिहा. तेच होते ते. पण नाव आधी, काम नंतर. आणि पुस्तकावर त्यांचं नाव वर, तुमचं खाली.”

“हो.”

“आणि फुल्या?”

“सगळ्या परत येतील. प्रणय बसला आहे त्याच कामाला.”

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. मी उठायला लागलो तेव्हा त्यांची नजर गिटारकडे गेली.

“बाबा सांगायचे, न वाजवता वाजणारा सूर असते म्हणून. आम्ही हसायचो. पियानो तर रायपूरच्या कोणीतरी नेला, मी तो कधी पाहिलाच नाही. तुम्ही म्हणाले आत्ता, त्यांनी दाखवलं होतं तुम्हाले.”

“गिटारवरही होतं ते,” मी म्हणालो. “कूलर बंद करता का?”

त्यांनी उठून बटण खाली केलं. पाती थांबली. गल्लीतून भाजीवाल्याची हाक लांब जाताना ऐकू आली, मग तीही नाही. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचं बोट सगळ्यात जाड तारेवर नेलं. “ही जोरात वाजवा. आणि लगेच तळहाताने हीच तार दाबून बंद करा. बाकी कशाला हात लावू नका.”

त्यांनी वाजवली. तळहात ठेवला. जाड तार थांबली.

त्यांनी मान खाली केली, कान गिटारच्या लाकडाला टेकवला. पंचमाची बारीक तार, जिला कोणी स्पर्श केला नव्हता, थरथरत होती.

“अनुनाद,” त्या तशाच वाकलेल्या स्थितीत म्हणाल्या. “वर्गात दरवर्षी शिकवते मी हे. फळ्यावर. ऐकलं नव्हतं कधी.”

खोली तापायला लागली होती. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी कूलर लावू का, असं विचारणार होतो, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि ती जाड तार पुन्हा एकदा वाजवली.